बावन्न कामांच्या सुनंदाताई

सुनंदाताई बावनकर सध्या काय करतात, हे त्यांना समोरासमोर विचारल्याशिवाय कळत नसे. आमच्या ब्लॉकमधलं कुणी महिनाभर माहेरी राहून परत आलं की सामान आत ठेवायचं, नळाला पाणी आहे का बघायचं आणि मग गॅलरीतून वाकून विचारायचं, "भाभीजी, आजकल क्या चल रहा है?" दुसऱ्या कुणाला हा प्रश्न केला तर 'बस, बढिया' एवढं उत्तर पुरतं. सुनंदाताई त्याचं खरंखुरं उत्तर देत, आणि ते दर खेपेला वेगळं असे.

मी लग्न होऊन नागपूरहून भिलाईला आले तेव्हा छत्तीसगड राज्य अजून व्हायचं होतं, भिलाई मध्य प्रदेशातच होतं. माझे यजमान तिथल्या पोलाद कारखान्यात, म्हणजे प्लँटमध्ये, रोलिंग मिलला होते. सेक्टर सातमध्ये आम्हाला क्वार्टर मिळालं. समोरच्या दारावर 'म. ना. बावनकर' अशी पाटी पाहिली आणि जीव भांड्यात पडला, कारण जिन्यावर तोवर तेलुगू, ओडिया, भोजपुरी आणि छत्तीसगढी ऐकून झालं होतं, आपलं एक अक्षर नव्हतं.

वैशाखाचे दिवस होते. पहिल्याच दुपारी आमचा छताचा पंखा गुरगुरून बंद पडला. मी समोरचं दार वाजवलं, की कुणी मिस्त्री माहीत आहे का विचारावं. दार उघडलं ते पस्तिशीच्या पुढच्या एका सावळ्या, उंच बाईंनी. अंबाड्यात टेस्टर खोचलेला होता. माझं बोलणं पुरतं ऐकूनही न घेता त्या आत गेल्या, बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा घेऊन आल्या, आमच्या पलंगावर स्टूल ठेवून वर चढल्या आणि म्हणाल्या, कंडेन्सर गेला आहे. डब्यातून दुसरा काढून त्यांनी तो बसवला. पंखा फिरला. मी घाम पुसत विचारलं की आपण कुठे नोकरीला असता का.

"सध्या बिजलीचं करून राहिली," त्या म्हणाल्या.

त्यातल्या 'सध्या'कडे माझं तेव्हा लक्ष गेलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या कूलरची मोटार बसली, तेव्हा मी हक्कानं त्यांच्याकडे गेले. त्या म्हणाल्या की बिजलीचं सोडलं, आता मी बायकांना गाडी शिकवते. मोटार त्यांनी दुरुस्त करून दिली, नाही असं नाही, पण जुन्या ओळखीखातर एखादा निवृत्त उस्ताद दोन ताना घेऊन दाखवतो, तशी.

गाडी शिकवण्याची त्यांची पद्धत मी स्वतः अनुभवली. शाळेच्या मागच्या मैदानात सकाळी सेक्टरमधल्या चारपाच बाया जमत. शिकवणारा सहसा मागून स्कूटर धरून पळतो. सुनंदाताई पुढून चालायच्या, आणि त्याही उलट्या, शिकणारीकडे तोंड करून. त्यांचं म्हणणं असं की मागून धरलं की बाईला वाटतं कुणीतरी सांभाळतंय, आणि ती बेफिकीर होते. पुढे माणूस दिसला की आपोआप ब्रेकवर हात जातो. मला पहिले काही दिवस त्यांना उडवण्याचीच स्वप्नं पडत. पण त्या वर्षी आमच्या सेक्टरमधल्या कितीतरी बायका पहिल्यांदा स्वतः गाडी चालवत बाजारात गेल्या. मिश्राभाभी तर भाजी घ्यायची नसली तरी जायच्या.

मग एक दिवस तेही बंद झालं. मी कारण विचारलं. त्या अंगणातल्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. म्हणाल्या की आता कोण कुठे पडणार ते मला गाडीच्या आवाजावरूनच कळतं, बघावंही लागत नाही. मला ते सोडण्याचं कारण वाटेना, उलट धरून ठेवण्याचं वाटलं. तेव्हा त्यांनी मला त्यांचा नियम सांगितला. पुढे तो मी त्यांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकला.

"हात आपोआप चालायले लागला ना रेखा, की समजून जायचं. आता उठा."

तुमसरकडचं त्यांचं माहेर, सासरही तिकडचंच. आडनावावरून लोक थट्टा करायच्या आधी त्या स्वतःच करून टाकत. आडनावातच बावन्न आहेत, त्याला मी काय करू, म्हणत. लग्नाआधी त्यांनी बालवाडी चालवली होती आणि एका पशुवैद्याकडे गाईम्हशींना इंजेक्शनं देण्यात हातभार लावला होता. भिलाईत आल्यावर मराठी मंडळाच्या गणपतीत नाटकाची रंगभूषा केली, ती एवढी आवडली की दोन वर्षं लग्नांतल्या नवऱ्या नटवल्या. नंतर फोटोच्या दुकानात जुन्या फोटोंना रंग भरणं. नंतर बिजली. हे सगळं हौस म्हणून नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. त्या प्रत्येक काम पैसे घेऊन करत, वेळेवर करत, आणि त्या काळात त्या पुरत्या त्या कामाच्या असत. रंगभूषेच्या दिवसांत त्या समोरच्याचं बोलणं ऐकताना त्याच्या गालफडांकडे बघत.

मधुकरराव बावनकर त्यांच्या अगदी उलट. प्लँटच्या टाइम ऑफिसात, जिथे कामगारांच्या हजेरीचा हिशेब असतो, तिथे ते लागल्यापासून एकाच टेबलावर होते. सायकलनं जायचे, सायकलनं यायचे. त्यांना कुणी बायकोवरून छेडलं तर रागावत नसत. एकदा आमच्याकडे चहाला आले असताना माझ्या यजमानांनीच विषय काढला, की वहिनींनी एखादं काम धरून ठेवलं असतं तर आज मोठं दुकान झालं असतं. मधुकररावांनी बशीतला चहा संपवला आणि शांतपणे म्हणाले, "घरात एक जण थांबलेला आहे ना. मग दुसऱ्याले फिरू द्यावं."

हे थांबलेले मधुकरराव एका हिवाळ्यात ड्युटीवरच छातीत कळ येऊन गेले. मुलगी अर्चना तेव्हा दहावीला होती. एकुलती एक, अभ्यासात हुशार, वडिलांसारखी अबोल.

दिवस झाल्यावर तुमसरहून आलेले दीर, मी, माझे यजमान आणि अर्चना असे सगळे त्यांच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. मधुकररावांच्या जागी घरातल्या एका माणसाला प्लँटमध्ये नोकरी मिळणार होती. भिलाईत प्लँटची नोकरी म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. क्वार्टर, हॉस्पिटल, शाळा, पाणी, सगळं त्या एका गेटपासाला बांधलेलं. दिरांनी दोन वाटा सांगितल्या. एक तर वहिनींनी आत्ताच नोकरी घ्यावी. नाही तर ती अर्चनासाठी राखून ठेवावी, पोरगी अठराची झाली की लागेल, तोवर आम्ही बघू. दीर चांगला माणूस होता. सुनंदाताईंचा स्वभाव तो ओळखून होता, म्हणून दुसरी वाट त्यानं मुद्दाम काढली होती, हे आम्हाला सगळ्यांनाच कळलं.

सुनंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग अर्चनाला विचारलं की तुला पुढे काय करायचं आहे. अर्चना म्हणाली की कॉलेज करायचं आहे, अजून ठरवलं नाही. सुनंदाताई दिराकडे वळल्या.

"तिनं ठरवलं पण नाही अजून. तिच्या गळ्यात कावून बांधू? मी घेते."

दीर गेल्यावर स्वयंपाकघरात मी भांडी आवरत होते. अर्चना आईजवळ येऊन उभी राहिली. ती घरात आईशी अर्धं हिंदीत बोलायची.

"मम्मी, तू छोड देगी," ती म्हणाली. "तू सगळं सोडतेस."

"हे नाही सोडणार."

"मन भर गया तो?"

"मन भरलं तरी," सुनंदाताई म्हणाल्या. "तू पायावर उभी राहिली, तरी रिटायर होईपर्यंत नाही सोडणार. घे, वचन."

कोणत्याही कामाला त्यांनी दिलेला हा पहिला शब्द होता.

त्यांना एका ऑफिसात फाइली या टेबलावरून त्या टेबलावर नेण्याचं काम मिळालं. पहिले काही महिने मी त्यांना बघून घाबरले. काम कष्टाचं नव्हतं, माणसंही बरी होती. पण संध्याकाळी त्या परत येऊन गॅलरीत बसत आणि रस्त्याकडे बघत राहत. कुणी 'आजकल क्या चल रहा है' विचारलं तर त्या म्हणत, "बस, बढिया." मला ते ऐकवेना. ज्या माणसाच्या घरातून रोज नवा आवाज यायचा, कधी शिवणयंत्राचा, कधी हातोडीचा, तिथे आता फक्त टीव्ही लागायचा.

मग एके दिवशी त्या ऑफिसातून थेट माझ्याकडेच आल्या, चप्पल न काढता. त्यांच्याकडे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातली एक बाई रडत आली होती. तिला तिथून बदली हवी होती, वाफेनं दम लागतो म्हणून, आणि तिच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. सुनंदाताईंना हे ऐकताना एकदम लख्ख दिसलं म्हणे. प्लँट म्हणजे फक्त भट्टी आणि ऑफिस नाही. प्लँटचं हॉस्पिटल आहे, शाळा आहेत, बागा आहेत, पाण्याच्या टाक्या आहेत, पाहुण्यांचं गेस्ट हाऊस आहे, प्राणीबागसुद्धा आहे. त्या सगळ्या एकाच नोकरीच्या खोल्या. लोक एका खोलीत कायम बसायला धडपडतात, म्हणून बाकीच्या खोल्यांची दारं कुणी वाजवत नाही.

अदलाबदलीचा अर्ज मंजूर झाला आणि सुनंदाताई हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात गेल्या. तिथे रोग्यांची पथ्याची ताटं लागायची. आठवडाभरातच त्यांच्या घरातून पुन्हा आवाज यायला लागले. बिनमिठाचं वरण चवीचं कसं करायचं, यावर त्यांचे प्रयोग सुरू होते आणि ते चाखायला आम्ही होतोच.

पुढच्या वर्षांत त्या कुठे कुठे होत्या हे क्रमानं सांगणं मला जमणार नाही. काही काळ पाणीपुरवठ्याला होत्या, तेव्हा टाकीवर चढून आल्या आणि वरून सगळं भिलाई कसं दिसतं ते सांगितलं, संध्याकाळी प्लँटच्या भट्टीतली लालबुंद धातुमळी ओतली जाते तेव्हा आभाळ कसं खालून तांबडं होतं ते. काही काळ आमच्याच शाळेत प्रयोगशाळा मदतनीस होत्या. मी तिथे गणित शिकवायची. मोकळा तास असला की त्या येऊन माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत. त्रिकोणमिती त्यांना फार आवडली. टाकी न चढता तिची उंची सांगता येते हे आधी का नाही सांगितलं, असं त्या मला रागावून म्हणाल्या.

बदल्यांचे कागद वर्मासाहेबांकडे जात. हे कार्मिक विभागातले अधिकारी, कानपूरकडचे, भले आणि सदा वैतागलेले. त्यांनी एकदा सुनंदाताईंना बोलावून घेतलं. समोर बसवून विचारलं की माझ्याकडे लोक बदली रद्द करा म्हणून रडत येतात, आणि तुम्ही बदली करा म्हणून येता, तुम्हाला कुठे कुणाचा त्रास आहे का. सुनंदाताईंनी सांगितलं की कुठेच त्रास नाही, सगळीकडे चांगलं आहे, म्हणूनच सगळं बघायचं आहे. वर्मासाहेबांनी त्यांना समजावलं की विभाग बदलला की ज्येष्ठता मागे पडते, बढती जाते. त्या म्हणाल्या, माहीत आहे. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"बावनकरजी," ते म्हणाले, "मुझे पेड़-पौधों का बहुत शौक था. कभी गया नहीं उधर."

मग त्यांनी सही केली. त्या खेपेची बदली प्राणीबागेत होती.

प्राणीबागेतल्या अस्वलाची गोष्ट सुनंदाताई स्वतः फार रंगवून सांगत, पण मी साधीच सांगते, कारण ती तशीही चांगली आहे. तिथे एक म्हातारं अस्वल होतं, मादी. दात गेलेले, डोळेही अधू. तिनं खाणं सोडलं होतं. डॉक्टर औषधं देत होते, पण पोटात काही जाईना. सुनंदाताईंना आठवलं की हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात एक नर्स म्हणायची, दात नसलेला आजारी माणूस नाकानं जेवतो, त्याला वास आला पाहिजे. त्यांनी डॉक्टरांना विचारून तांदळाची मऊ पेज शिजवली आणि उकळताना तिच्यात वाळलेली मोहाची फुलं टाकली. मोहाचा वास आणि जंगलातलं अस्वल, हे छत्तीसगडात कुणाला सांगावं लागत नाही. पातेलं पिंजऱ्याजवळ नेलं तशी ती म्हातारी कोपऱ्यातून उठली, हवेत नाक फिरवत आली आणि पातेलं चाटून पुसून ठेवलं. डॉक्टर एवढे खूश झाले की त्यांनी ती पेज रोजच्या खाण्यात लिहूनच टाकली. त्यानंतर ती पुष्कळ जगली. ती गेल्यावर सुनंदाताई तिथून निघाल्या. एरवी त्या हात आपोआप चालायला लागला की उठत, त्या वेळी मात्र तसं नव्हतं.

त्या प्राणीबागेत असतानाच अर्चनाचं लग्नाचं वय झालं. ती तोवर रेल्वेत लागली होती, भिलाईतल्याच पॉवर हाउस स्टेशनवर तिकीट खिडकीला. गोंदियाहून पाहुणे आले. मुलगा चांगला होता, अर्चनालाही आवडला होता. मी मदतीला होतेच. मुलाच्या आईनं पोह्यांची बशी हातात घेत विचारलं की तुम्ही कुठे असता. सुनंदाताईंनी सरळ सांगितलं, सध्या प्राणीबागेत, अस्वलांचं खाणं बघते. त्या बाई म्हणाल्या, "म्हणजे कायमच्या कुठे?" सुनंदाताई म्हणाल्या, कायमची प्लँटमध्ये, पण जागा बदलते. त्याआधी कुठे, त्याआधी कुठे, असं विचारता विचारता पोहे गार झाले. आठ दिवसांनी नकार आला. आईच स्थिर नाही तिथे मुलगी काय टिकणार, असं ते कुणाकडे तरी बोलले आणि भिलाईत बोललेलं पोचतंच.

अर्चना आईशी कधी मोठ्यानं बोलत नसे. त्या संध्याकाळी बोलली. ती म्हणाली की तुझ्यासोबत लागलेले सगळे आज दोन पायऱ्या वर आहेत, आणि तू या वयात बादल्या उचलतेस. माझ्या ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगते, आई प्लँटमध्ये आहे, आणि पुढचं टाळते. मग म्हणाली, "तू मले वचन दिलं होतं."

"नोकरीचं दिलं होतं," सुनंदाताई म्हणाल्या. "खुर्चीचं नाही दिलं."

त्यांचा आवाज चढला नव्हता. पण त्या रात्री जेवल्या नाहीत, हे अर्चनानंच मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानंतर मायलेकी बोलत होत्या, पण कामापुरतं. ते पुष्कळ दिवस चाललं.

त्याच सुमारास मंडळाच्या सभागृहात राव मास्तरांचा सत्कार झाला. राव मास्तर आमच्याच सेक्टरमधले, जन्मभर मृदंग वाजवलेले. प्लँटची नोकरीही त्यांनी केली, पण ती पोटासाठी. त्या दिवशी त्यांनी जे वाजवलं ते मला समजलं असं मी म्हणणार नाही, पण माझ्या अंगावर काटा होता. शेजारी सुनंदाताई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. वाजवणं थांबल्यावर टाळ्या चालू असताना त्या माझ्याकडे न बघता हळूच म्हणाल्या, "इतकं खोल मले कधी जाता नाही आलं, रेखा."

परतताना आम्ही चालत आलो. वाटेत गुपचुप खाल्ले, म्हणजे आपली पाणीपुरी. मी त्यांना विचारलं की वाईट वाटतं का. त्यांनी खरंच विचार केला. म्हणाल्या, थोडं वाटतं, आज जास्त वाटलं. मास्तरांना त्यांनी मागे एकदा विचारलं होतं, की तुम्हाला दुसरं काही करावंसं वाटलं का. मास्तर म्हणाले, कधीच नाही. "त्यांना नाही वाटत, मले वाटते," त्या म्हणाल्या. "त्यांनी जबरदस्तीनं पाच कामं केली असती तर वाजवणं गेलं असतं. मी जबरदस्तीनं एका जागी बसली असती तर काय गेलं असतं, ते तू ऑफिसातल्या त्या सहा महिन्यांत पाहिलं आहेस." मग त्यांनी गुपचुपवाल्याला विचारलं की पुऱ्या इतक्या फुगतात कशा, रव्याचं प्रमाण काय, आणि मी मनात म्हटलं, झालं सुरू.

अर्चनाचं लग्न पुढे तिनं स्वतःच ठरवलं. तिच्याच स्टेशनवरचा चंद्राकर म्हणून मुलगा, छत्तीसगढी, कुरुदचा. त्याची आई शेतातून आलेली, मोकळी बाई. पहिल्या भेटीत तिनंही तेच विचारलं, "का काम करथस, बहिनी?" अर्चनाचा चेहरा मी पाहिला. ती चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती. सुनंदाताईंनी अस्वलाची पेज सांगितली. त्या बाई हसून हसून पदर डोळ्यांना लावायला लागल्या आणि म्हणाल्या, आधी मला ते पिंजरे दाखव, लग्नाचं मग बघू. दोघी दुसऱ्याच दिवशी प्राणीबागेत गेल्या. लग्न झालं. अर्चनाची आईविषयीची अडचण त्यानं एकदम गेली असं नाही. ती स्टेशनवर आईला फारसं बोलवत नसे.

सुनंदाताई दिलेल्या शब्दाप्रमाणे निवृत्तीपर्यंत राहिल्या. शेवटच्या दिवशी ऑफिसवाल्यांची जरा पंचाईत झाली. निरोप सहसा ज्या विभागातून माणूस जातो तो विभाग देतो. सुनंदाताई शेवटी गेस्ट हाऊसला होत्या. पण बातमी फुटली आणि हॉस्पिटलचे लोक आले, आमच्या शाळेचे आले, पाणीवाले आले, प्राणीबागेतले दोघे गणवेशातच आले. खुर्च्या कमी पडल्या. शाली इतक्या झाल्या की त्यांचा गठ्ठा मला धरावा लागला. वर्मासाहेब तोवर निवृत्त होऊन गेले होते, ते असते तर त्यांना बरं वाटलं असतं. भाषणात सुनंदाताई म्हणाल्या की मी आयुष्यात एकच नोकरी केली आणि ती पुरी केली. सगळे हसले. त्या हसल्या नाहीत, त्या खरंच तसं मानत होत्या.

क्वार्टर सोडून त्यांनी कुरुदला, अर्चनाच्या सासरच्या गल्लीतच दोन खोल्या घेतल्या. कुरुद आता भिलाईतच आल्यासारखं आहे, शेताच्या बांधापर्यंत प्लॉट पडले आहेत. आता त्या नातवाला सांभाळतील, जपमाळ घेतील, असं आम्ही धरून चाललो होतो. नातवाला त्यांनी सांभाळलंही, तो शाळेत जाईपर्यंत. मग काही दिवस रोपवाटिकेत कलमं बांधली. मग गणपतीच्या मूर्ती करणाऱ्याकडे माती मळली. आणि मग ई-रिक्षा घेतली. कुरुद ते पॉवर हाउस, शेअर सवारी. त्या मार्गावर बायका चालवणाऱ्या फारशा नव्हत्या, त्यांच्या वयाच्या तर नव्हत्याच. अर्चनाच्या स्टेशनसमोरच स्टँड होता. अर्चनानं तेव्हा काय म्हटलं ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

माझे यजमान निवृत्त झाले आणि आम्ही नागपूरला जायचं ठरवलं. मोठं सामान ट्रकनं पुढे गेलं, यजमानही त्याच्याबरोबर गेले. मी शाळेची कामं उरकून चार दिवसांनी गाडीनं निघाले. स्टेशनवर सोडायला मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण दुपारी दारात हॉर्न वाजला. सुनंदाताई. केस पांढरे, डोक्यावर उन्हासाठी गमछा बांधलेला. माझी बॅग त्यांनी स्वतः उचलून ठेवली, मला हात लावू दिला नाही.

वाटेत मी म्हटलं की आता या रिक्षेवर तरी थांबाल. त्या म्हणाल्या की रस्ता अजून रोज वेगळा असतो, म्हणून अजून आहे. पण त्यांच्या मोहल्ल्यात एक बाई बांबूची सुपं विणते, तिचे हात बघावेसे वाटतात. मी विचारलं, थकत नाही का. त्या म्हणाल्या, थकते ना, झोप चांगली लागते. मग सिग्नलवर थांबून मागे वळून म्हणाल्या, "तू तीस वर्षं एकच शिकवलं. कंटाळली नाहीस?" मी खरं ते सांगितलं, की नाही कंटाळले, दर वर्षी मुलं नवी असायची. त्यांनी मान डोलावली, जणू माझ्याकडून त्यांना हेच ऐकायचं होतं. "मग बरं झालं," त्या म्हणाल्या.

पॉवर हाउस स्टेशनवर त्यांनी बॅग उतरवून दिली. भाडं मी विचारलंच नाही, तेवढी ओळख होती. त्यांनी मला जवळ घेतलं. गमछ्याला उन्हाचा आणि मातीचा वास होता. मग मागच्या सवाऱ्या हाका मारायला लागल्या म्हणून त्या रिक्षेकडे वळल्या, आणि मी जिना चढून पुलावर गेले.

पुलावरून स्टँड सगळा दिसतो. सुनंदाताईंच्या रिक्षात मागे चार बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. तेवढ्यात तिकीट ऑफिसच्या दारातून अर्चना बाहेर आली. ड्युटी संपली असावी. तिच्याबरोबर तिथलेच दोघे-तिघे होते, एक तिचे साहेब असावेत. ते आपापल्या गाड्यांकडे निघाले होते. अर्चना त्यांना काहीतरी बोलली, रिक्षेकडे हात करून. ते वळून बघायला लागले. मग ती सरळ स्टँडवर आली. मागे जागा नव्हती. ती पुढे गेली, आईला थोडं सरकायला सांगितलं आणि त्या छोट्या सीटच्या कडेवर, आईच्या खांद्याला खांदा लावून बसली. पर्स मांडीवर घेतली. साहेबांनी हात हलवला, तिनंही हलवला.

सुनंदाताईंनी एक पाय बाहेर काढून मागे कुणी येत नाही ना ते पाहिलं आणि रिक्षा काढली. वळणावर अर्चनानं आईच्या गमछ्याचं सुटलेलं टोक खोचून दिलं, आणि त्या दोघी कुरुदच्या रस्त्याला लागल्या.